मूल हवं असेल तर चालू गर्भनिरोधक नेमकं कधी थांबवायचं?

चांदणवेल

मूल हवं असं जोडप्याचं ठरलं की लगेच हा प्रश्न येतो. "सहा महिने आधीच गोळ्या बंद कर, शरीर साफ होऊ दे" हा सल्ला अजून सर्रास मिळतो आणि त्यातून दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. कुणी तयारी काहीच झालेली नसताना गोळ्या सोडतं आणि रुबेलाची लस, फॉलिक ॲसिड, थायरॉईडची तपासणी सगळं राहून जाऊन दुसऱ्याच महिन्यात दिवस राहतात. कुणी तीन महिन्यांचं इंजेक्शन शेवटपर्यंत घेत राहतं आणि मग पाळीची वाट बघण्यात वर्ष जातं.

माझं म्हणणं आधीच मांडते. गोळ्या, तांबी, इम्प्लांट, योनीत ठेवायची रिंग, कातडीवर चिकटवायचा पॅच यांपैकी काहीही असो, ते थांबवणं ही तयारीतली शेवटची गोष्ट. ज्या दिवसापासून दिवस राहिले तरी आनंदच आहे, त्या दिवशी थांबवा. इंजेक्शन मात्र सगळ्यात आधी थांबवायचं.

एकेक साधन घेऊ.

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही हॉर्मोन असलेली रोजची गोळी: हॉर्मोन काही दिवसांत शरीराबाहेर जातात. बंद केल्यावर दोन-चार दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो हॉर्मोन अचानक कमी झाल्यामुळे. ती खरी पाळी नव्हे. ओव्ह्युलेशन (अंडाशयातून अंडं बाहेर पडणं) त्यानंतर दोन आठवड्यांतही होऊ शकतं, बहुतेकींचं चक्र 1 ते 3 महिन्यांत मूळपदावर येतं. गोळी किती वर्षं घेतली यावर हे अवलंबून नसतं. दहा वर्षं घेतली म्हणून जास्त थांबावं लागत नाही.

फक्त प्रोजेस्टोजेन असलेली गोळी: हिचा परिणाम आणखी लवकर ओसरतो. वेळ चुकली की संरक्षण कमी होतं, ते याचमुळे.

तांबी: काढली त्या चक्रापासून दिवस राहू शकतात. ती ओव्ह्युलेशन थांबवत नाही, त्यामुळे परत सुरू व्हायचं असं काही नसतंच.

हॉर्मोनची तांबी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल): गर्भपिशवीचं अस्तर पातळ झालेलं असतं, ते एक-दोन महिन्यांत पूर्ववत होतं. अनेकींचं ओव्ह्युलेशन ती आत असतानाही चालूच असतं, फक्त पाळी दिसत नाही.

दंडातला इम्प्लांट: काढल्यावर आठवड्याभरात रक्तात औषध सापडत नाही. बहुतेकींना तीन आठवड्यांत ओव्ह्युलेशन होतं.

कंडोम: थांबायचा प्रश्नच नाही.

इंजेक्शनवर वेगळं लिहावं लागेल. प्रश्न विचारा, जाणकारांनी भर घाला.

---

रानवारा

>> सहा महिने आधीच गोळ्या बंद कर

हा सल्ला आला कुठून, ते सांगतो. सोनोग्राफी सहज मिळत नव्हती तेव्हा बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीवरून काढायचे. गोळी सोडल्यावर पहिलं ओव्ह्युलेशन कधी होईल याचा नेम नसतो, म्हणून "एक-दोन खऱ्या पाळ्या येऊ द्या, मग बघा" असं सांगत. सल्ला तारखेच्या हिशेबासाठी होता, बाळाच्या तब्येतीसाठी नव्हता. आता पहिल्या तिमाहीत सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात आणि तारीख त्यावरून काही दिवसांच्या फरकाने कळते. गोळी सोडल्यावर एकही पाळी न येता दिवस राहिले तरी गर्भपाताचा किंवा व्यंगाचा धोका त्यामुळे वाढत नाही.

आकडेही देतो. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत गोळी सोडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 21% जणींना पहिल्याच चक्रात आणि सुमारे 79% जणींना वर्षभरात दिवस राहिले. 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या जवळपास 18,000 स्त्रियांचा अभ्यास आला. प्रजननक्षमता नेहमीच्या पातळीवर यायला तांबी (दोन्ही प्रकारची) आणि इम्प्लांटनंतर 2 चक्रं, गोळी आणि रिंगनंतर 3, पॅचनंतर 4 आणि इंजेक्शननंतर 5 ते 8 चक्रं लागली. त्यानंतर फरक उरला नाही.

हे आकडे वाचताना एक गल्लत होते. "3 चक्रं लागतात" म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत दिवस राहणारच नाहीत असं नव्हे. शक्यता थोडी कमी असते, एवढंच. त्या भरवशावर बेसावध राहिलेल्यांना तयारी अर्धवट असताना दिवस राहतात.

---

पारिजात

छान धागा. इंजेक्शनचं गणित नीट मांडाल का? समजा पुढचा डोस जवळ आलाय आणि साधारण वर्षभराने मूल हवंय, तर तो डोस घ्यावा की नाही?

---

चांदणवेल

पारिजात, नाही घ्यायचा. याच डोसला थांबायचं.

स्नायूत दिल्या जाणाऱ्या डीएमपीए या तीन महिन्यांच्या इंजेक्शनमध्ये 150 मिलिग्रॅम औषध बारीक कणांच्या रूपात असतं. ते कण तिथेच साठून हळूहळू विरघळतात. पुढचा डोस 13 आठवड्यांनी घ्या म्हणतात, कारण तोवर संरक्षणाची खात्री असते. पण त्या तारखेला औषध संपलेलं नसतं, ते पुढेही कित्येक महिने थोडं थोडं रक्तात येत राहतं. म्हणून शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी 9 ते 10 महिने लागतात. काहींना वर्षाहूनही जास्त.

हिशेब उलटा मांडा. ज्या महिन्यापासून प्रयत्न करायचेत, त्याच्या साधारण 9-10 महिने आधी शेवटचा डोस झालेला हवा. मधल्या काळात गोळी किंवा कंडोम. गोळीवर जायचं असेल तर शेवटच्या इंजेक्शनपासून 13 आठवडे पूर्ण व्हायच्या आत पहिली गोळी घ्या, म्हणजे मध्ये खंड पडत नाही आणि वेगळं काही वापरावं लागत नाही.

इथे चूक होते ती अशी. "इंजेक्शननंतर वर्षभर काही होत नाही" असं ऐकून काहीच वापरलं जात नाही. पण 9-10 महिने ही सरासरी आहे. शेवटच्या डोसनंतर चौथ्या-पाचव्या महिन्यातही दिवस राहू शकतात. पाळी आलेली नसली तरीही, कारण ओव्ह्युलेशन पाळीच्या आधी होतं.

हा परिणाम लवकर उतरवणारं औषध नाही. "पाळी आणायच्या गोळ्या" घेतल्याने रक्तस्राव होईल, पण साठलेलं औषध त्याने विरघळत नाही. या काळात पाळी अजिबात न येणं किंवा अधूनमधून नुसते डाग पडणं अपेक्षितच आहे.

दोन महिन्यांनी घ्यायचं नेट-एन नावाचं दुसरं इंजेक्शन असेल तर सरासरी 6 महिने धरा. कार्डावर कोणतं नाव आहे ते आधी बघा, "इंजेक्शन" एवढ्यावरून हिशेब होत नाही.

---

दवबिंदू

चांदणवेलच्या "शेवटची गोष्ट" या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मग आधीच्या गोष्टी कोणत्या आणि त्यांना किती वेळ लागतो ते लिहिते, कारण थांबवायची तारीख खरं म्हणजे त्यावरून ठरते.

लस सगळ्यात आधी. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे की नाही हे रक्ताच्या आयजीजी (प्रतिपिंडांच्या) तपासणीत कळतं. नसेल तर एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस). ही जिवंत विषाणूची लस आहे, शेवटच्या डोसनंतर 28 दिवस दिवस राहू द्यायचे नाहीत. कांजिण्या झालेल्या नसतील आणि लसही नसेल तर तिचे दोन डोस, मध्ये किमान 4 आठवडे, आणि दुसऱ्यानंतर पुन्हा एक महिना. म्हणजे दोन-सव्वादोन महिने इथेच गेले. या काळात गर्भनिरोधक चालूच हवं. गोळी आधी सोडून मग लस आठवली की पुन्हा गोळी सुरू करावी लागते. गरोदरपणात या दोन्ही लशी देता येत नाहीत, त्यामुळे ही संधी एकदा गेली की बाळंतपणानंतरच.

फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, किमान महिनाभर आधीपासून, जमलं तर तीन महिने, आणि दिवस राहिल्यावर 12 आठवड्यांपर्यंत. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी दोन आठवडे चुकलेली असते तेव्हाच. चाचणी करून, डॉक्टरांची वेळ घेऊन मग गोळी सुरू केली तर तो काळ निघून गेलेला असतो. म्हणून गर्भनिरोधकाचं शेवटचं पाकीट आणि फॉलिकचं पहिलं पाकीट एकाच वेळी चालू असायला हवं.

आधीच्या बाळाला अशा नळीचा दोष होता, फिट्सची औषधं चालू आहेत, मधुमेह आहे, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) यांचा त्रास आहे, तर डोस 4-5 मिलिग्रॅम लागतो, म्हणजे दहापट किंवा त्याहून जास्त. तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेगळ्या गोळीतूनच घ्या. मल्टिव्हिटॅमिनच्या चार-पाच गोळ्या खाऊन तो गाठायचा नाही, त्यातून जीवनसत्त्व अ जास्त जातं आणि ते गर्भाला घातक आहे. मांस-मासे न खाणाऱ्यांनी बी-12 सुद्धा तपासून घ्यावं. ते कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं आणि नसांचा त्रास मात्र आतून वाढत राहतो.

थॅलेसेमियाची तपासणीही आत्ताच करा. एचबीए2 (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर जोडीदाराची तपासणी लगेच. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच कमी येऊ शकतो, म्हणून सोबत फेरिटिन (लोहाचा साठा) बघतात. दोघंही वाहक निघाले तर निर्णय घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ गर्भनिरोधक चालू असतानाच मिळतो.

---

शमीपर्ण

दवबिंदू, उत्तम. त्यात औषधांची भर घालते, कारण काही औषधांचा मुक्काम कोणत्याही गर्भनिरोधकापेक्षा लांब असतो.

मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन कॅप्सूल संपल्यावर किमान एक महिना गर्भनिरोधक चालू. सोरायसिसच्या ॲसिट्रेटिननंतर मात्र तब्बल 3 वर्षं. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट किती आधी थांबवायचं ते देणारे डॉक्टर ठरवतात, साधारण 1 ते 6 महिने. लेफ्लुनोमाइड शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकतं, त्याला बाहेर काढायला कोलेस्टिरामिन 11 दिवस देतात आणि मग रक्तात तपासतात. फिट्सचं व्हॅल्प्रोएट, रक्तदाबाच्या "प्रिल" आणि "सार्टन" शेवटाच्या गोळ्या, वॉर्फरिन हे सगळं बदलून घ्यायचं असतं.

बदलून घ्यायचं म्हणजे स्वतः बंद करायचं नाही. फिट्सची गोळी अचानक सोडणं आईच्या जिवावर बेतू शकतं. आधी पर्यायी औषध, त्यावर प्रकृती स्थिर, आणि मगच गर्भनिरोधक थांबवायचं.

मधुमेहात एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.5% च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. 10% च्या वर असेल तर दिवस राहू देऊ नका असंच स्पष्ट सांगतात, कारण बाळाच्या हृदयाचे आणि कण्याचे दोष याच पहिल्या आठवड्यांत होतात. थायरॉईडची गोळी चालू असेल तर टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 2.5 च्या खाली ठेवून मग प्रयत्न, आणि चाचणी पॉझिटिव्ह आली की डोस वाढवण्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन.

---

कुंपणवेल

दोन लहान प्रश्न. गोळ्यांचं पाकीट अर्धं असताना सोडलं तर चालतं का? आणि तांबी पाळीतच काढावी लागते का?

---

रानवारा

कुंपणवेल, पाकीट अर्ध्यात सोडलं तर अपाय काही नाही. दोन-चार दिवसांत रक्तस्राव होईल आणि चक्राचे दिवस मोजायला गोंधळ होईल. पूर्ण करून सोडलं तर तो स्राव ठरलेल्या वेळी येतो, एवढीच सोय. पाळीत अतिशय रक्त जातं किंवा एंडोमेट्रिऑसिसच्या (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराच्या) कळा येतात म्हणून गोळी चालू असेल, तर ती उगाच आधी सोडू नका. सोडली की त्रास काही महिन्यांत परत येतो आणि प्रयत्न सुरू व्हायच्या आधीच माणूस थकतं.

तयारी झालेली नसताना पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात गोळी सोडू नये, हे मात्र लक्षात ठेवा. आधीच्या सात दिवसांच्या खंडानंतर अंडाशय पुरेसं दबलेलं नसतं. त्या दिवसांतल्या संबंधांतून दिवस राहू शकतात. कळायच्या आधी चुकून थोड्या गोळ्या पोटात गेल्या तर घाबरायचं कारण नाही, त्याने बाळात दोष येत नाही.

तांबी कोणत्याही दिवशी काढता येते. पाळीत पिशवीचं तोंड किंचित उघडं असतं, म्हणून काहींना त्या दिवसांत सोपं जातं. मूल हवंच असेल तर दिवस बघायची गरज नाही. "काढायची आहे पण अजून दोन महिने नको" अशी स्थिती असेल तर काढण्याआधीचे 7 दिवस संबंध टाळा किंवा कंडोम वापरा. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात आणि तांबी निघाली की त्यांना अडवणारं काही उरत नाही.

दोरा दिसत नसेल तर आधी गरोदरपणाची चाचणी, मग सोनोग्राफी. पिशवीत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे, कारण ती आपोआप पडून गेली की पिशवीबाहेर सरकली हे त्याशिवाय कळत नाही. "पडली असेल" असं धरून प्रयत्न सुरू करू नका. तांबी आत असताना दिवस राहिले तर गर्भ बीजवाहक नळीत तर नाही ना हे आधी बघावं लागतं.

---

गवतफुला

मी थोडं वेगळं म्हणेन. गोळी अगदी शेवटपर्यंत चालू ठेवली तर स्वतःचं चक्र कसं आहे हे कळतच नाही. गोळीवर दर 28 दिवसांनी येणारा स्राव गोळीने घडवलेला असतो. आधी पीसीओएस (अंडाशयातला हॉर्मोनचा बिघाड) असेल, पाळ्या दोन-दोन महिन्यांनी येत असतील, तर ते सगळं गोळीखाली झाकलेलं राहतं. वय 35 च्या पुढे असेल तर हे दोन-तीन महिने आधी कळणं मोलाचं आहे. अशा वेळी गोळी सोडून कंडोमवर यावं आणि पाळ्या बघाव्यात.

---

चांदणवेल

गवतफुला, ज्यांच्या पाळ्या गोळीच्या आधी अनियमित होत्या त्यांच्यासाठी हे मान्य. एका अटीवर: लस आणि औषधांची तयारी तोवर झालेली हवी. नेहमीच्या वापरात कंडोम वर्षभरात 100 पैकी सुमारे 13 जोडप्यांमध्ये अपयशी ठरतो. लशीचे 28 दिवस किंवा आयसोट्रेटिनॉइननंतरचा महिना फक्त कंडोमच्या भरवशावर काढू नये. ज्यांच्या पाळ्या पूर्वीपासून नियमित होत्या, त्यांना हे दोन महिने फारसं काही शिकवत नाहीत.

एएमएचची (अंडाशयात उरलेल्या अंड्यांचा अंदाज देणाऱ्या हॉर्मोनची) तपासणी करायची असेल तर तीही गोळी सोडून दोन-तीन महिन्यांनी. गोळीवर असताना आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो आणि विनाकारण धसका बसतो. आणि एएमएचवरून नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे सांगता येत नाही, आयव्हीएफमध्ये किती अंडी मिळतील याचा अंदाज तेवढा येतो.

---

पारिजात

ओव्ह्युलेशन किटबद्दलही सांगा ना. गोळी सोडल्यावर पहिल्याच महिन्यात वापरावं का?

---

दवबिंदू

पारिजात, पहिल्या एक-दोन चक्रांत पैसे वाया जातात. किट लघवीतलं एलएच (अंडं बाहेर पडायला लावणारं हॉर्मोन) मोजतं आणि ते वाढल्यावर 24 ते 36 तासांत ओव्ह्युलेशन होतं. चालू करायचा दिवस चक्राच्या लांबीतून 17 वजा करून काढतात, 28 दिवसांचं चक्र असेल तर अकरावा. गोळीनंतरच्या पहिल्या चक्राची लांबीच ठाऊक नसते, मग वजाबाकी कशातून करणार? पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असतं, त्यामुळे रोजच पॉझिटिव्हसारखं दिसतं. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. चाचणीआधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नये, रेघ फिकी येते.

तोवर दर दोन-तीन दिवसांनी संबंध, बस. ओव्ह्युलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच हा काळ यात आपोआप येतो, कारण अंडं जेमतेम 12 ते 24 तास टिकत असलं तरी शुक्राणू आधीपासून वाट बघत असतात.

---

शमीपर्ण

पुरुषाची बाजू कुणी लिहिली नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून सिगारेट, दारू, वजन यात आज केलेला बदल तीन महिन्यांनी दिसतो. बायको गोळी सोडेल तेव्हा नव्हे, ती फॉलिक सुरू करेल तेव्हा नवऱ्यानेही सुरुवात करावी. व्यायामशाळेतली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू असतील तर तो विषय पहिल्यांदा काढा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना कामाचा निरोप पाठवणं बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. परत यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

---

कुंपणवेल

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: आधीचं एक बाळ असेल तर दुसऱ्यासाठी तांबी कधी काढावी? आणि थांबवूनही पाळी आलीच नाही तर किती वाट बघायची?

---

चांदणवेल

कुंपणवेल, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की बाळ जन्मल्यावर किमान 24 महिन्यांनी पुढच्यासाठी प्रयत्न करावेत. सिझेरियन झालं असेल आणि पुढचं बाळंतपण नैसर्गिक व्हावं असं वाटत असेल तर हे जास्तच पाळा. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर कळांच्या वेळी जुनी शिवण उसवण्याचा धोका वाढतो. वय जास्त असेल तर हे अंतर थोडं कमी करायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवतात.

पाळीबद्दल: गोळी, तांबी, इम्प्लांट, काहीही थांबवून तीन महिने झाले आणि पाळी नाही, तर आधी घरी गरोदरपणाची चाचणी. ती निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांकडे जाऊन टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच या हॉर्मोनच्या तपासण्या आणि सोनोग्राफी. "गोळीमुळे पाळी गेली" असं समजून आणखी सहा महिने घालवू नका. कारण बहुतेकदा गोळीच्या आधीपासूनचं असतं आणि गोळीने ते झाकलेलं असतं. पाळी नियमित येतेय पण दिवस राहत नाहीत, तर पस्तिशीच्या आत 12 महिने, 35 नंतर 6 महिने आणि चाळिशीनंतर न थांबता तपासणी. इंजेक्शन घेतलेलं असेल तर हे महिने शेवटच्या डोसपासून मोजू नका, पाळी परत सुरू झाली तिथून मोजा. पण शेवटच्या डोसला वर्ष उलटूनही पाळीचा पत्ता नसेल तर दाखवून घ्या.